दोघांचे विलीनीकरण

‘विलीनीकरण’ हा शब्द पेडणे-डिचोलीच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. 16 जानेवारी 1967 रोजी हा शब्द उराशी धरून हा मुलूख जनमत कौलाला सामोरा गेला. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली, विरुद्ध 1,72,191. कौल विरुद्ध गेला आणि तो मानावा लागला, कारण प्रत्येक मतदाराला विचारून तो घेतलेला होता.

आता राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातील विलीनीकरण पाहा! 27 मार्च 2019 रोजी मध्यरात्र उलटल्यावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तिघांपैकी दोन आमदारांनी, मनोहर आजगावकर व दीपक पाऊसकर यांनी, आपला विधिमंडळ पक्ष भारतीय जनता पक्षात विलीन केल्याचे पत्र दिले. तिघांतले दोघे म्हणजे दोनतृतीयांश, हिशेब चोख! आजगावकर उपमुख्यमंत्री झाले, पाऊसकर मंत्री झाले. पक्ष, त्याची कार्यकारिणी, त्याचा सिंह, सारे जागच्या जागी राहिले. मग विलीन झाले ते काय? 2017 साली पेडण्यात सिंहाला दिलेले मत तेवढे विलीन झाले.

त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा जणांनी हाच कित्ता गिरविला. अपात्रतेचे अर्ज सभापतींपुढे गेले. सभापती कोण, तर डिचोलीचे राजेश पाटणेकर, सत्ताधारी पक्षाच्याच उमेदवारीवर निवडून आलेले. असे अर्ज सामान्यतः तीन महिन्यांत निकालात काढावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले होते. येथे अर्ज फेटाळले गेले ते 20 एप्रिल 2021 रोजी. उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला 24 फेब्रुवारी 2022 रोजी. नव्या विधानसभेचे मतदान त्याआधी दहा दिवस उरकले होते!

न्यायालयाचा मान आम्ही राखतो. परंतु आमचा विवाद आहे तो कायद्याच्या त्या वाचनाशी. परिशिष्टाचा चौथा परिच्छेद आरंभी मूळ राजकीय पक्षाच्या विलीनीकरणाची भाषा बोलतो आणि मग दोनतृतीयांश आमदारांच्या संमतीची. मूळ पक्ष आधी विलीन झाला पाहिजे, हा अर्जदारांच्या वकिलांचा युक्तिवाद टिकला नाही. आमदारांची संख्या भरली की विलीनीकरण झाल्याचे मानावयाचे, हा दुसरा अर्थ ग्राह्य ठरला. सह्या मोजाव्यात, मसुदा नेटका करावा, एवढ्यावर निवडणूक कायद्याचे सारे पांडित्य येऊन ठेपले. सप्टेंबर 2022 मध्ये काँग्रेसच्या अकरांतले आठ गेले ते याच वाटेने.

आणि हाच गोवा! रवी नाईक यांच्या 1994 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राजीनामा दिला नसला तरी आमदाराच्या वर्तनावरून त्याने पक्ष सोडल्याचे ठरविता येते. देशभरचे वकील आजवर त्या निकालाचा आधार घेत आले आहेत. वर्तन पाहावे हे आपल्या भूमीतून निघालेले तत्त्व, आणि आपल्याच भूमीत ते आकड्यापुढे लटके पडावे?

विधानसभेचा सदस्य नसलेल्या हितसंबंधी व्यक्तीलाही सभापतींकडे अपात्रतेचा अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ठरविले आहे. मतदाराहून अधिक हितसंबंधी दुसरा कोण? आमदारांना वकिलांची वाण कधीच नव्हती. पुढचे मध्यरात्रीचे पत्र निघेल, त्याच्या दुसऱ्या सकाळी पहिला अर्ज मतदाराचा गेला पाहिजे. त्याचे वकीलपत्र घेण्यास पेडणे-डिचोलीचे कोणकोण वकील सिद्ध आहेत, त्यांनी आजच पुढे येऊन सांगावे.