सुकाणू बिघडले म्हणून प्रवास संपत नाही

गेल्या आठवड्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीचे अब्बा भेटायला आले. काविळीमुळे मुलीची परीक्षा हुकली होती. "सर, साल वाया गेलं. आता शिक्षण पुरे, निकाह लावून टाकतो," म्हणाले. मी त्यांना 'तारिणी'ची गोष्ट सांगितली.

१० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाल्या. 'तारिणी' ही गोव्यातच बांधलेली शिडाची नौका. ठरलेले थांबे चार: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन. दक्षिण महासागरात वादळ उठले तर आसऱ्याला जवळ बंदर नसते. शिडे कमी करायची आणि वारा उतरेपर्यंत तग धरायचा. तेही त्यांनी निभावले. पण केपटाउन सोडल्यावर, घराकडे तोंड असताना, सुकाणूची यंत्रणा बिघडली. ठरलेला नसतानाही त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबा घेतला, दुरुस्ती करून घेतली आणि २१ मे रोजी गोवा गाठले. त्यांची प्रदक्षिणा पूर्णच मानली गेली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आला, 'नाखवा' फारसी 'नाखुदा'वरून. 'मौसम'ही अरबीच; त्यात 'ठरलेला काळ' हा अर्थ आहे. जुने अरब दर्यावर्दी वारा फिरेपर्यंत महिनोन्‌महिने बंदरात थांबत. कोकणात आजही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि डागडुजी करतात. थांबणे हा प्रवासाचाच भाग आहे.

हे शब्द आपल्या बोलण्यात आहेत, पण त्यांतली समज आपण मुलींच्या बाबतीत विसरतो. मुलाचे वर्ष गेले तर "पुन्हा बसेल" म्हणतो. मुलीचे गेले की होडी कायमची वर ओढून ठेवतो. दुरुस्तीला आलेली नौका कुणी भंगारात काढतं का?

अर्थात नुसते थांबूनही भागत नाही. थांब्यावर काम करावे लागते. तिची तब्येत सुधारली आहे, जुलैची पुरवणी परीक्षा समोर आहे, आणि शिकवायला आम्ही शिक्षक आहोत.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घरी विचारतो." फॉर्म भरायची शेवटची तारीख मी त्यांना कागदावर लिहून दिली आहे. आता वाट पाहतोय.