पी.टी.चा तास गणिताला देऊ नका

परीक्षा जवळ आली की शाळेच्या वेळापत्रकात पहिला बळी कोणाचा जातो, हे सगळ्या पालकांना ठाऊक आहे. पी.टी., चित्रकला आणि कार्यानुभव. "पोर्शन राहिलाय" म्हणून गणिताचे सर तो तास मागून घेतात, आणि बहुतेक पालकांना त्यात काही वावगं वाटत नाही. डॉक्टर म्हणून मला मात्र वाटतं, म्हणून हा लेख.

आधी साधा हिशोब

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटं. शाळेत पी.टी.चे ३५ मिनिटांचे दोन तास धरले, तर होतात ७०. म्हणजे गरजेच्या जेमतेम सहावा हिस्सा. त्यातलाही एक तास आपण काढून घेतो!

पूर्वी उरलेली भर सोसायटीच्या आवारात किंवा चाळीच्या अंगणात निघायची. आज अंधेरी असो की घाटकोपर, आवारात गाड्या उभ्या असतात आणि संध्याकाळी क्लास असतो.

शरीरात काय घडतं?

*हाडं :* आयुष्यभर पुरणारी हाडांची बळकटी बहुतांशी विशीपर्यंतच साठते. उड्या मारणं, धावणं, लंगडी घालणं यांत हाडांवर भार पडतो आणि ती मजबूत होतात. साठीतल्या फ्रॅक्चरपासून बचावाची सुरुवात शाळेच्या मैदानावर होते.

*डोळे :* चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर घालवायला लावली. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत सुमारे ४० टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं, तर या शाळांत सुमारे ३० टक्के. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बाहेरचा लख्ख उजेड डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांब वाढू देत नाही, असं मानलं जातं. वर्गातल्या ट्यूबलाइटने ते होत नाही.

*हात :* माती मळणं, कात्रीने कापणं, सुईत दोरा ओवणं यांतून बोटांचे बारीक स्नायू तयार होतात आणि डोळा व हात यांचा मेळ बसतो. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधले शल्यशिक्षणाचे प्राध्यापक रॉजर नीबोन यांनी २०१८ मध्ये एक काळजी बोलून दाखवली होती. मुलं उत्तम गुण घेऊन येतात, पण टाके घालायला त्यांचे हात वळत नाहीत. आपल्या मुलाने डॉक्टर व्हावं म्हणून चित्रकला बंद करणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

दोन सवयी सोडूया

पहिली, पी.टी.तून सूट मिळावी म्हणून डॉक्टरांकडे सर्टिफिकेट मागण्याची. दमा आहे, वजन जास्त आहे, पाळी सुरू झाली आहे, ही कारणं नेहमीची. दमा औषधांनी आटोक्यात असेल तर बहुतेक मुलं खेळू शकतात. पंप जवळ ठेवावा, आधी वॉर्म-अप करावा. वजन जास्त असलेल्या मुलाला तर खेळाची गरज इतरांहून अधिक. पाळीत फार दुखत असेल तर त्यावर उपचार करा, वर्षभराची सूट नको. हृदयविकार, खेळताना चक्कर येणं किंवा छातीत दुखणं असेल तर मात्र आधी तपासणी हवीच.

दुसरी सवय शाळांची. मस्ती केली म्हणून 'तुझा खेळाचा तास बंद'. जे मूल एका जागी बसू शकत नाही, त्यालाच आपण बसवून ठेवतो.

"पण जागाच नाही!"

उपनगरांत ही अडचण खरी आहे. तरीही दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, लंगडी यांना क्रिकेटचं मैदान लागत नाही. वर्गांच्या वेळा विभागून छोटं पटांगणही पुरवता येतं. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये मैदानाची अट आहे, आणि सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकांचीही. पालकसभेत आपण टक्केवारी विचारतो, तसं हेही विचारायला हवं.

काही जण म्हणतील, आम्ही मुलाला बाहेर कोचिंग लावलंय. छान! पण ज्यांना ती फी परवडत नाही, त्या मुलांसाठी शाळेतला तास हाच एकमेव तास असतो. तो गेला तर त्यांचं मैदानही गेलं आणि रंगपेटीही. इंटरमिजिएट परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून चित्रकला करा, असं मी म्हणणार नाही. गुण मिळाले नाहीत तरी त्या तासाची गरज तेवढीच आहे.

येत्या पालकसभेत एकच प्रश्न विचारा : गेल्या महिन्यात पी.टी. आणि चित्रकलेचे किती तास ठरले होते, आणि प्रत्यक्षात किती झाले?