हाक पोहोचायला दुसरा दिवस का उजाडावा?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक जीव गेले. महाड शहर पुराने वेढलेले, संपर्क तुटलेला, रस्ते बंद; बचाव पथक पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. त्याआधी, २८ जुलै २०१८ रोजी, पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. ती वार्ता कळली, कारण एकमेव वाचलेला प्रवासी दरी चढून वर आला. तो वर येऊ शकला नसता तर?

‘निसर्गाचा कोप’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. साधने नव्हती काय? जून २०१६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह अवकाशात गेला. रेडिओ संदेश एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचविणे हेच त्याचे प्रयोजन. जानेवारी २०१८ मध्ये फिनलंडचा शंभर किलोंहून हलका रडार उपग्रह श्रीहरिकोट्याहून आपल्याच अग्निबाणाने नेला. ढग आणि अंधार भेदून पाहणारी ही दृष्टी! आषाढातल्या सह्याद्रीला हवी ती हीच. २०२५ मध्ये गेलेला ‘निसार’ समर्थ आहे. पण त्याच जागेवर तो बारा दिवसांनी परततो. ढिगाऱ्याखालचा माणूस बारा दिवस थांबत नाही. म्हणूनच स्वस्त, लहान उपग्रहांचा ताफा हवा.

उपग्रह ढिगारा उपसत नाही, असा उपहास काही जण करतील. खरे आहे, उपसतात ती माणसेच. परंतु कोठे धावायचे, हे त्यांना कळावे लागते. समुद्रावरील मच्छीमारांना उपग्रहामार्फत संकटसूचना धाडणारे ‘इस्रो’चे यंत्र २०१० पासून उपलब्ध आहे. त्याच्या नव्या आवृत्तीत ‘संदेश मिळाला’ ही पोचही परत येते. समुद्रावर जे मिळते, ते डोंगरात का मिळू नये?

महाड-पोलादपूरच्या प्रत्येक दरडप्रवण वाडीत असे एक यंत्र आणि ते हाताळणारे दोन प्रशिक्षित तरुण असावेत. पावसाळ्यात रडारची छायाचित्रे थेट तहसीलदारांच्या मेजावर पोहोचावीत. उड्डाणाच्या दिवशी टाळ्या वाजविणे सोपे आहे. ज्या तालुक्यात स्वराज्याची राजधानी वसली, तेथील वाडीची हाक ऐकू येईल, तेव्हाच त्या टाळ्यांना अर्थ लाभेल!