अंश आमच्या छातीत, छेद त्यांच्या खिशात

आमच्या धक्क्यावर पोलादाची कॉइल जहाजात चढते. एकेक वीस-पंचवीस टनांची. साखळी सुटली तर खालचा माणूस भाकरीसारखा चपटा होईल, आणि त्याचा हिशेब कुणी मागणार नाही. पण 1 जानेवारी 2026 पासून युरोपात जाणाऱ्या कॉइलचा नवा हिशेब लागू झालाय : ही बनवताना धूर किती निघाला? त्या धुराचे तिथं पैसे भरायचे. युरोपियन युनियनचा कायदाच आहे तसा. पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खत, सगळ्याला.

धुराला किंमत आली, दोस्तहो. आपल्याला यायचीय अजून.

आता पांढरपेशे विद्वान सांगतात, परकी भांडवल येऊ द्या, हवामानाचं धोरण कडक करा, देशाची 'कार्बन कार्यक्षमता' वाढेल. मी मॅट्रिक. शब्द जड वाटला म्हणून सोडवून बघितला, तर निघाला साधा अपूर्णांक. वर धूर, खाली रुपया. रुपया धुरापेक्षा जोरात पळाला की अपूर्णांक लहान होतो आणि देश 'स्वच्छ' होतो. धूर कमी झालाच पाहिजे असं काही नाही.

पुरावा सरकारच्याच कागदात. 2005 ते 2019 या काळात हा अपूर्णांक 33 टक्क्यांनी उतरला. टाळ्या! आणि त्याच सरकारच्या मोजणीत देशाचे एकूण हरितवायू 2007 साली 190 कोटी टन होते, ते 2019 साली 313 कोटी टन झाले. 2022 साली नवं वचन दिलं : 2030 पर्यंत 2005च्या मानानं 45 टक्के उतरवू. उतरवतीलही. छेद फुगवायला काय लागतं?

2023 साली कार्बनच्या पतपत्रांचा बाजार काढला. त्यातही तेच. कारखान्याला लक्ष्य दिलं जातं ते टनामागच्या धुराचं. टनामागं थोडं वाचवा, मग माल दुप्पट काढा, एकूण धूर वाढवा, तरी विकायला पतपत्रं मिळतील. च्यायला, आमच्या मुकादमाला एवढी हातचलाखी जमत नाही.

नवं यंत्र कमी कोळसा खातं, हे खोटं नाही. परकी पैशाबरोबर असं यंत्र कधी येतंही. यंत्राशी आपलं वैर नाही. 1942 ते 1946 बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा वीजही त्यांच्याच खात्यात होती, आणि स्वस्त, मुबलक वीज हवी हे त्यांनी तेव्हाच मांडलं. पण भांडवल नफ्याला येतं, फुप्फुसं वाचवायला नाही. सौर विजेत 100 टक्के परकी पैशाला वाट होतीच. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्र सरकारनं तीच वाट कोळशाच्या खाणींनाही मोकळी केली. एकाच दारातून सूर्य आणि काजळी दोन्ही आत.

आणि भांडवल जातं कसं, तेही बघा. होल्सिम ही स्विस कंपनी. 2005 पासून तिनं एसीसी आणि अंबुजा सिमेंटमध्ये पैसा घातला. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला एसीसीचा कारखाना, उपरवाहीला अंबुजाचा. 2022 साली होल्सिमनं आपला हिस्सा सुमारे 640 कोटी डॉलरला अदानींना विकला आणि निघून गेली. या सगळ्या भट्ट्यांचा धूर तिच्या वहीतून एका सहीत पुसला गेला. भट्ट्या जिथल्या तिथं. चुनखडी तीच, कोळसा तोच, मजूर तेच. एका कंपनीची वही सुधारली आणि जगाच्या आभाळातलं एक ग्रॅम कमी झालं नाही.

तेच हे चंद्रपूर, जिथं 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, त्यात देशात चौथं. चिमणीच्या वाऱ्याखाली कुणाची वस्ती असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. गावकूस गेलं, वाऱ्याची दिशा आली.

परदेशातल्या परिषदेत आपलं सरकार डोकी मोजतं : अमेरिकेच्या माणसामागं वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड, आमच्या माणसामागं फक्त 2. खरंय ते. पण हे 2 आलेत आपल्या अंधाऱ्या खोल्यांमुळं. मलबार हिलचं एअरकंडिशन आपल्या चुलीच्या आडोशाला लपतं. विमान इथं उतरलं की डोकी गायब, मोजतात फक्त रुपये. तिकडं आपण ढाल, इकडं आपण शून्य!

युरोपवाल्यांनाही सोडत नाही मी. दोनशे वर्षं कोळसा जाळून मोठे झाले, आता आमच्या कॉइलकडून वसुली. ती वसुली घुग्घुसच्या दवाखान्यात येणार आहे का? कायद्यात तरी तसं काही नाही. जाते त्यांच्याच तिजोरीत.

चंद्रपूरच्या, माहुलच्या, ट्रॉम्बेच्या पोरांनो, वह्या काढा. वस्तीत दम्याचे किती, टीबीचे किती, वारा कुठल्या महिन्यात चिमणीकडून येतो, पत्र्यावर राख कधी बसते, लिहून पाठवा. चिमणीचे वर्षाचे टन मिळाले तर तेही पाठवा. पुढच्या अंकात छापू. टक्के पाठवू नका.