ओरडली का नाही?

माझी धाकटी बहीण शिवणाच्या कारखान्यात जाते. गेल्या महिन्यात संध्याकाळच्या बसमध्ये, गर्दीत, एका इस्त्रीच्या शर्टवाल्याने तिच्या अंगावरून हात फिरवला. चार स्टॉप. ती दांडा धरून उभी. घरी आली, जेवली नाही. रात्री आईला सांगत होती. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होतो. उठलो नि विचारलं काय? "ओरडली का नाहीस?"

ती म्हणाली, "दादा, आवाजच निघाला नाय. दांड्यावरचा हातपण सुटेना."

मी कवी म्हणवतो. माइकपुढे उभा राहून मुक्यांना बोला म्हणतो. आणि माझा पहिला सवाल तिला. त्या हलकटाला नाही.

आता माझं ऐका. दोन वर्षांमागे गोदीत स्लिंग एका बाजूने सटकली. सळ्यांचा भारा तिरका होऊन माझ्या डोक्यावर झुलायला लागला. मुकादम बोंबलत होता, "पळ, भडव्या!" मला ऐकू येत होतं, दिसत होतं. पाय मात्र लाकडाचे. शेजारच्या गड्याने कॉलर धरून ओढलं म्हणून आज हे लिहितोय. मला कुणी विचारलं नाही, तुला चिरडून मरायची हौस होती का? सगळे म्हणाले, थिजला बिचारा.

म्हणजे गडी थिजला तर बिचारा, आणि बाई थिजली तर तिला हवंच होतं? वा रे न्याय!

हा न्याय जुना आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी पोरीवर पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टाने शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. का? अंगावर जखमेची खूण नाही, आरडाओरड नाही. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा हलला. २०१३ साली बलात्काराच्या कलमात स्पष्ट लिहिलं गेलं की, अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. कागदाला कळलं. आपल्याला कधी कळणार?

२०१७ साली स्टॉकहोमचा एक अभ्यास छापून आला. बलात्कारानंतर दवाखान्यात आलेल्या २९८ बाया. दहातल्या सात जणींचं अंग त्या वेळी थिजलं होतं. सुटायची वाट दिसेना की शरीर स्वतःच कुलूप लावतं. स्नायू आवळतात, आवाज जातो. मनाला विचारत नाही. बसमधल्या हाताला बलात्कार म्हणत नाही मी. पण शरीर तेच, भीती तीच. वर आणखी भीती. चौकीत गेली तर आधी नाव, मग आडनाव, मग वस्ती कुठली. तिथेच अर्धा निकाल.

दोस्तांनो, आता आपलं बघा. हात टाकणारा एक. बघणारे चाळीस. ती थिजली, तिच्या अंगावर संकट होतं. आपण चाळीस जण कशाने थिजलो? आपल्या डोक्यावर कुठला भारा होता? मोर्च्यात समतेच्या घोषणा देऊन त्याच बसने घरी जाणारे आपणच ना? आणि हात टाकणारा आपल्यातला कधीच नव्हता, असं छातीवर हात ठेवून सांगा बघू.

तिला का विचारू नका. मधे उभे राहा. तिला जागा करून द्या. कंडक्टरला बस थांबवायला सांगा. तिची तयारी असेल तर साक्षीला जा. हा 'धक्का' नाही, गुन्हा आहे. आजच्या न्याय संहितेचं कलम ७४, एक ते पाच वर्षं.

बहिणीची मी माफी मागितली. ती काही बोलली नाही. बरोबर आहे तिचं.

यापुढे जो कुणी म्हणेल 'ओरडली का नाही', त्याला गोदीत घेऊन या. झुलत्या भाऱ्याखाली उभा करू. मग विचारू, बोल साल्या. ओरड.