फोटोत माणूस असू द्या



सध्या ग्रुपवर उसाचे, तुरीचे, सोयाबीनचे फोटो धडाधड पडतायत. रान हिरवंगार, वर निळं आभाळ, आणि माणूस एकही नाही. मध्ये माणूस आला की फोटो बिघडतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत उलटं आहे.

नुसत्या पिकाच्या फोटोवरून उंची कळत नाही. मोबाईल जमिनीलगत धरला की गुडघ्याएवढं सोयाबीनही डोक्यावर गेल्यासारखं दिसतं. पिकाशेजारी माणूस उभा करा, तूर कमरेला लागतेय का छातीला ते लगेच समजेल. शेततळ्याची खोली, वाहून गेलेला बांध, तिथंही तेच. पूर्वी लेण्यांचे, देवळांचे फोटो काढणारेसुद्धा खांबाशेजारी एखादा माणूस उभा करायचे. त्याचं नाव कुठं नसायचं, पण खांब केवढा ते त्याच्यामुळंच कळायचं.

मात्र यातही फसवणूक होते. बियाण्याच्या जाहिरातीत माणूस नीट बघा. उभा आहे का गुडघ्यावर बसलाय? पिकाच्या बरोबरीनं आहे का चार पावलं मागं? मागं गेला की माणूस लहान आणि पीक मोठं दिसतं. तो कुठं उभा आहे हेच कळत नसेल, तर त्या फोटोवर बियाणं घेऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भांगलण बहुतेक ठिकाणी बायकाच करतात, आणि आपण फोटो काढतो त्या घरी गेल्यावर. मग ते रान आपोआप स्वच्छ झाल्यासारखं दिसतं. त्यांनाही फोटोत असू द्या, पण आधी विचारा. "मावशी, फोटो काढू का? ग्रुपवर टाकणार आहे," एवढं म्हणायला काय जातं? चेहरा नको म्हणाल्या तर पाठमोरा काढा. फोटोच नको म्हणाल्या तर मोबाईल खिशात ठेवा. आपल्या रानात कामाला आल्या म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर आपला हक्क होत नाही.

पुढचा फोटो टाकताना पिकाच्या बरोबरीनं उभा माणूस, तारीख, वाण आणि लागण किंवा पेरणीपासूनचे दिवस एवढं द्या. उदाहरणार्थ "८६०३२, १० महिने". मग खत-पाण्यावर नीट बोलता येईल. नुसतं "लय भारी" म्हणून कुणाचं पीक सुधारत नाही.

तुमचं मत काय, खाली सांगा.