आल्या आल्या कुंडी बदलू नका!

मागच्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. या वयात वाढदिवसाचं काय कौतुक, पण मुलाने हौसेने ऑनलाइन एक झाड मागवलं. पीस लिली. हिरवीगार लांबट पानं आणि मधूनच एखादं पांढरं फूल. निदान फोटोत तरी तसं होतं. प्रत्यक्षात आला तो एक खोका. वर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलेलं, आणि खोका मात्र आडवा! चार दिवस अंधारात, गाडीत हिंदकळत आलेलं ते रोप बाहेर काढलं तेव्हा तीन पानं पिवळी पडलेली, एक मोडलेलं आणि बाकीची मान टाकून बसलेली.

अर्ध्या तासात घरात सभा भरली. नातू म्हणाला, "आजी, गच्चीत उन्हात ठेवू, ताजं होईल." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मूठभर शेणखत घाला. सुनेने आधीच एक सुंदर पांढरी सिरॅमिकची कुंडी आणून ठेवली होती. रविवारी तिच्या माहेरची माणसं यायची होती, त्याआधी त्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून झाड पांढऱ्या कुंडीत जायला हवं होतं. मी म्हटलं, "कोणीही काहीही करायचं नाही. त्याला बसू द्या जरा." त्यावरून थोडी वादावादी झाली. माझा आवाज चढला. असो, त्याबद्दल पुढे सांगते.

माझं हे मत फुकट तयार झालेलं नाही. त्यासाठी एक झाड मारलंय मी! दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये असंच एक फायकसचं झाड घरी आलं होतं. ते वड, पिंपळ, उंबराच्या कुळातलं, म्हणून मला वाटलं दणकट असणार. आल्या दिवशी कुंडी बदलली. जुनी 'माती' (माती कसली, नारळाच्या काथ्याचा भुसा तो) झटकून मुळं मोकळी केली, नवी माती, खत, वर भरपूर पाणी. आठवड्यात पानं गळायला लागली. मग जागा बदलली. आणखी गळली. मग आणखी पाणी, आणखी जागा. महिन्याभरात काड्या उरल्या. नंतर कळलं की जागा बदलली की पानं टाकायची ही फायकसची सवयच आहे. तेव्हा स्वस्थ बसले असते तर ते बहुधा वाचलं असतं.

तुम्ही म्हणाल, सगळं आयुष्य वाईसारख्या गावात, अंगण असलेल्या घरात काढलं आणि एवढंही कळू नये? खरं सांगू, तिथलंच ज्ञान इथे आडवं आलं. वाईला झाड 'यायचं' म्हणजे चार घरं सोडून कोणाकडून तरी अबोलीची नाहीतर जास्वंदीची फांदी यायची, ओल्या फडक्यात गुंडाळून. पावसाळ्यात खोचली की लागली. तिथलं ऊन तेच, माती तीच, हवा तीच. त्या फांदीला घर बदलल्याचं कळतही नसेल!

हे खोक्यातलं झाड वेगळं. ते हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, तिथे दमट हवा, ठरलेल्या वेळी पाणी, ठरलेलं खत. त्याची पानं त्या उजेडासाठी तयार झालेली असतात. आपल्या घरात उजेड कमी, पंख्याचा वारा, पाण्याचा काही नेम नाही. मग झाड काय करतं, तर जुनी, आता न परवडणारी काही पानं सोडून देतं आणि सावकाश नवी काढतं, ती या घरच्या उजेडाला जुळणारी. म्हणजे सुरुवातीची दोन-चार पिवळी पानं हा आजार असेलच असं नाही. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याची मुळंही उचकटायची! वर पानांचा संसार मोडलेला, खाली मुळांचा मोडायचा.

आमच्या खिडकीतून अजून थोडी भातखाचरं दिसतात. घोटावड्यात इमारती वाढल्या तरी जुलैत लावणी चालू असते. तरव्यातून उपटून खाचरात लावलेली रोपं पहिले आठ-दहा दिवस अगदी पिवळट, मरगळलेली दिसतात. नवख्याला वाटेल, गेलं पीक. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची थोडी शेती आहे. त्यांना विचारलं, "भीती नाही वाटत?" तर म्हणाल्या, "जीव धरतंय ते. उपटून बघायचं का धरला का म्हणून?"

वर्गात नवं मूल आलं की मीही पूर्वी हीच चूक करायची. बदली झालेल्या वडिलांचं मूल वर्षाच्या मध्येच यायचं, आणि मी पहिल्याच दिवशी त्याला फळ्यापाशी उभं करून ओळख करून द्यायला, कविता म्हणायला लावायची. ते बिचारं रडकुंडीला यायचं. पुढे पुढे मी त्याला खिडकीजवळच्या बाकावर बसवून महिनाभर काही विचारायचं नाही असं ठरवलं.

आता त्या चढलेल्या आवाजाबद्दल. सहा वर्षांपूर्वी हे गेले आणि वाईचं घर बंद करून मी इथे आले. मुलाने-सुनेने माझी खोली किती हौसेने सजवली होती! नवा पलंग, नवं कपाट, भिंतींना रंग. पहिल्याच दिवशी माझी ट्रंक रिकामी करून कपडे कपाटात लावले गेले आणि 'आता ही जुनी कशाला' म्हणून ट्रंक देऊनही टाकली. दुसऱ्या दिवसापासून योगवर्ग, भजनी मंडळ, सोसायटीतल्या ज्येष्ठांचा कट्टा. मला मात्र नुसतं खिडकीशी बसायचं होतं. रात्री जाग आली की दार कुठल्या बाजूला ते कळायचं नाही. जेवण कमी झालं म्हणून टॉनिक आलं. 'आईंना करमत नाही' म्हणून आणखी कार्यक्रम आले! सगळं प्रेमापोटी, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून बोलले नाही. आता बोलते, कारण हे वाचणाऱ्यांत आमची सूनही आहे. त्या दिवशीचा राग सगळा कुंडीचा नव्हता गं.

बरं, काहीच करायचं नाही म्हणजे अगदीच हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही. मोडलेलं पान कापलं. पानांच्या मागच्या बाजू नीट बघितल्या, कापसासारखा पिठ्या ढेकूण नाही ना याची खात्री केली, तरीही तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवलं. पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड एक जागा ठरवली आणि ती हलवली नाही. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कारण तो काथ्याचा भुसा वरून कोरडा आणि आत ओला असतो. मुळशीच्या पावसाळ्यात तर आठ-नऊ दिवसांनी एकदा पुरलं. पाणी खालून निथळेपर्यंत घालायचं आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. ही लिली गंमतशीर आहे, पाणी कमी झालं तरी मान टाकते आणि मुळं कुजली तरी! त्यामुळे बोट घातल्याशिवाय निर्णय नाही. खत नवं पान आल्यावर. आणि कुंडी बदलायची ती मुळं तळाच्या भोकातून डोकावायला लागली की, तीही एकच माप मोठी. फार मोठ्या कुंडीत जास्तीची माती ओलीच राहते. हां, मुळांना कुजका वास येत असेल तर मात्र वाट बघू नये, लगेच बाहेर काढावं.

खोक्यातल्या कागदावर ही लिली घरातली हवा शुद्ध करते असंही लिहिलं होतं. मुलाने शोधून सांगितलं की 'नासा'चा तो 1989चा प्रयोग बंद पेट्यांमध्ये केलेला होता. साध्या खोलीत दोन-चार कुंड्यांनी हवेला फारसा फरक पडत नाही. नसेना का! त्यापेक्षा कागदावर हे लिहायला हवं होतं की ती अळूच्या कुळातली आहे, पान चावलं तर तोंड खाजतं. लहान मुलं असलेल्यांनी उंचावर ठेवावी.

रविवारी पाहुणे आले. शनिवारी रात्री सुनेनेच तोडगा काढला होता. काळा डबा जसाच्या तसा त्या पांढऱ्या कुंडीत उतरवला. कोणाला कळलंही नाही. फक्त पाणी घालताना डबा बाहेर काढायचा. तेविसाव्या दिवशी मधोमध एक बारीक, गुंडाळलेलं पान वर आलं. काल सुनेने विचारलं, "आई, मुळं दिसायला लागली का हो?" मी डबा उचलून पाहिला. अजून नाही.